मदत हवी आहे: गेटिसबर्गच्या लढाईत 'गावकरी' व्हायचंय, पण दिवसभर करायचं काय?

नमस्कार मंडळी,

आम्ही मेरीलँडमध्ये फ्रेडरिकजवळ राहतो. इथून गेटिसबर्ग तासाभराच्या आत. ऑफिसातल्या एका बाईंच्या नादाने मी गेल्या वर्षी तिथल्या लढाईच्या रीएनॅक्टमेंटमध्ये भाग घेतला. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: १ ते ३ जुलै १८६३, अमेरिकेच्या यादवी युद्धातली सगळ्यात रक्तबंबाळ लढाई. हौशी लोक निळे (उत्तरेचे) आणि करडे (दक्षिणेचे) गणवेश चढवून, बंदुकांत नुसती दारू भरून ती पुन्हा लढतात. मूळ रणभूमी राष्ट्रीय उद्यानात येते आणि तिथे असा लढाईचा खेळ करू देत नाहीत, म्हणून हे सगळं खासगी शेतावर चालतं.

बंदूक मला धरायची नव्हती, म्हणून मला गावकऱ्यांत टाकलं. आणि तिथे फजिती झाली. ऑनलाइन मागवलेला झगा निळा, चकचकीत, खाली पिंजऱ्यासारखा हूप. कापड निघालं पॉलिएस्टर. चुलीजवळ गेले तर एक आजीबाई धावत आल्या आणि मला दंडाला धरून मागे ओढलं. मग चार तास छत्री घेऊन झाडाखाली उभी. लोक येत, फोटो काढत, विचारत, "तुम्ही कोण?" मी म्हणे, "गावातली बाई." "मग लढाई चालू असताना तुम्ही काय करत होता?" इथे माझी दांडी गुल.

यंदा लेक (वय १४) पण येणार म्हणते. शिवाय सासूबाई नाशिकहून आल्यात, वय ६८, त्याही हटून बसल्यात. "आमच्या गल्लीच्या गणपतीत मी जिजाबाई केली होती, मला काय सांगतेस!"

तर कपडे कुठले, मंगळसूत्र-टिकलीचं काय, हे सांगा. दुसरं जरा अवघड आहे. आमच्या चेहऱ्यामोहऱ्याच्या बाया १८६३च्या पेनसिल्व्हेनियात कुठून येणार? कोणी तोंडावर विचारलं तर? आणि मुख्य म्हणजे, उभं राहण्यापलीकडे करायचं काय?

---

प्रतिसाद १

ताई, आधी तो हूप माळ्यावर टाका. त्या काळी बायका हूप घालत, पण विहिरीपाशी, चुलीपाशी वावरायला तो अडचणीचा. दोन सुती परकर एकावर एक घाला, घेर आपोआप येतो. कापड शंभर टक्के सुती. सुती कापडावर ठिणगी पडली तर भोक पडतं, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. त्या आजींनी तुमच्यावर उपकार केलेत. गळा बंद, बाह्या लांब, वर एप्रन, उन्हासाठी डोक्यावर सुती टोपडं. केसांचा मधोमध भांग आणि मागे अंबाडा, म्हणजे सासूबाई जवळजवळ तयारच आहेत.

मंगळसूत्र बंद गळ्याच्या आत जातं. टिकली, नेलपॉलिश, मनगटावरचं घड्याळ उतरवा. फोन टोपलीत, पंचाखाली. कानात इअरप्लग असू द्या, तोफा नुसत्या दारूच्या असल्या तरी छाती हादरते.

---

प्रतिसाद २

म्हणजे थोडक्यात तुम्ही बुणगे! पानिपतापासून आपली परंपरा आहेच. 😀 सासूबाईंना सांगा, तिकडेही बाजारबुणगे लागतात.

---

प्रतिसाद ३

वरचे गंमत करतायत, पण फरक इथेच आहे. बुणगे फौजेबरोबर चालत गेलेले. गेटिसबर्गला फौजच घरात शिरली. साधारण २,४०० वस्तीचं गाव. दोन्ही सैन्यं निघून गेली तेव्हा मागे वीसेक हजार जखमी उरले. माणशी आठ-नऊ. चर्च, शाळा, कोठार, बैठकीची खोली, सगळीकडे माणसं पडलेली. प्रेक्षकाला हा एवढा हिशोब सांगितलात तरी तो छत्रीचा फोटो काढायचा विसरेल.

मी बरीच वर्षं हे करतोय. एकच सांगेन: 'गावातली बाई' होऊ नका, एका घरातली, एका वेळची, एक काम करणारी बाई व्हा. हात रिकामे असले की माणूस पुतळा होतो.

लेकीसाठी टिली पीअर्स. वय १५. ३० जूनला उत्तरेच्या जनरल ब्युफर्डचं घोडदळ गावात आलं तेव्हा ही आणि तिच्या मैत्रिणी कोपऱ्यावर उभ्या राहून गात होत्या. सगळं गाणं कोणाला पाठ नाही, म्हणून धृपदच पुन्हा पुन्हा! दुसऱ्या दिवशी सुरक्षित म्हणून तिला गावाबाहेरच्या शेतावर पाठवलं, राउंड टॉप टेकडीजवळ, आणि लढाई नेमकी तिकडेच सरकली. तिथे ती सैनिकांना पाणी देत राहिली आणि खिडकीबाहेर कापलेल्या हातापायांचा ढीग वाढताना पाहिला. तिच्या आठवणी १८८९ साली छापून आल्या. तुमच्या लेकीला एक बादली आणि एक पत्र्याचा पेला द्या. समोरून पलटण आली की पाणी द्यायचं, बस. गणवेशातली माणसं खरोखर तहानलेली असतात.

तुमच्यासाठी पीठ. जेनी वेड, वय २०, बाल्टिमोर स्ट्रीटवर बहिणीच्या घरी. बहीण आठवड्याभराची बाळंतीण. ३ जुलैच्या सकाळी कणीक तिंबत असताना गोळी दोन दारं फोडून आली. लढाईत थेट गोळीने मेलेली गावातली ती एकटीच. पण मरणाचं नाटक करू नका, ते बटबटीत होतं. नुसता पाव मळा. कोणी विचारलं तर सांगा.

सासूबाईंना गार्लॅकबाई द्या, त्या रंगवतील. युनियनचा, म्हणजे उत्तरेचा, जनरल शिमेलफेनिग पळापळीत मागे राहिला आणि यांच्या परसात डुकरांच्या खुराड्यापाशी लाकडांआड लपला. बाहेर रस्त्यावर शत्रू. बाईंनी डुकरांना खाणं टाकायच्या निमित्ताने बादलीतून त्याला पाव-पाणी पोचवलं. तीन दिवस तो तिथेच.

तुमच्या अवघड प्रश्नाबद्दल. त्या गावात दोनशेच्या आसपास मुक्त कृष्णवर्णीय राहत. दक्षिणेच्या जनरल लीचं सैन्य येतंय म्हटल्यावर बरेच जण घर सोडून पळाले, कारण ते सैन्य मुक्त माणसांनाही धरून गुलाम म्हणून दक्षिणेत नेत होतं. 'रंग जुळतो' म्हणून कोणी तुम्हाला त्यांच्यातली भूमिका देऊ केली तर माझ्या मते नको म्हणा. पण त्यांच्याबद्दल बोला. बेझिल बिग्ज नावाचा शेतकरी परत आला आणि त्याने माणसं लावून हजारो सैनिकांची प्रेतं उकरून राष्ट्रीय दफनभूमीसाठी काढली, तिथेच लिंकनचं भाषण झालं. आणि तुम्ही स्वतः 'मी अमकी' म्हणू नका. "या घरातली बाई त्या दिवशी हे करत होती" असं बोला. मग तुमचा चेहरा कुठला हा प्रश्नच उरत नाही.

---

धागाकर्ती

अहो, किती दिलंत! पण सासूबाईंना डुकरं चालणार नाहीत. नावानेच तोंड वाकडं झालं. 😄 बसून करता येईल असं काही? गुडघे दुखतात. शिवाय ऊन.

---

प्रतिसाद ३

उन्हाचं म्हणाल तर ३ जुलैला दुपारी २ वाजता तिथल्या कॉलेजच्या प्राध्यापक जेकब्सनी ८७ फॅरनहाइट नोंदवलं होतं, म्हणजे आपले ३०-३१ अंश. मागे शेतांत मेलेले घोडे. नंतर कित्येक दिवस गावकरी पेपरमिंटच्या तेलाची बाटली नाकाशी धरून फिरत. टोपलीत एक बाटली ठेवा, लोकांना वास घ्यायला द्या. शब्दांपेक्षा तेच लक्षात राहतं.

बसून करायचं काम: लिंट. जुन्या लिननच्या चादरी सुरीने खरवडून किंवा धागे उसवून मऊ पुंजके करायचे, जखमेत भरायला. उत्तरेत घरोघरी बायका हे करत. सासूबाईंना वाती वळता येतात ना? मग झालं.

---

प्रतिसाद ४

विषयांतराबद्दल माफी, पण सुती म्हणालात म्हणून. त्याच वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस अडकला आणि लिव्हरपूलला वऱ्हाड-खानदेशचा कापूस कितीतरी जास्त जायला लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा माजला, आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळं कोसळलं. "आमचा काय संबंध" असं कोणी विचारलं तर हे सांगा.

---

धागाकर्ती

वरच्या उत्तरासाठी तुम्हाला दंडवत. हे मी पाठच करते.

काल संध्याकाळी तालीम घेतली. दुकानातून जुनी लिननची चादर आणली. सासूबाई पडवीत खुर्ची टाकून बसल्या, अर्ध्या तासात मांडीवर ढीग. मध्येच म्हणाल्या, "एका जखमेला असं किती लागत असेल गं?" मला सांगता येईना. मग त्याच म्हणाल्या, चादर पुरणार नाही, अजून दोन आण. लेकीने कॉर्सेट घालायला साफ नकार दिलाय, पण बादली उचलून बघितली आणि अर्धीच भरायची असं ठरवलं.

आता एकच अडलंय. सासूबाईंचा चष्मा. जाड काळी प्लास्टिकची फ्रेम, दुरूनही दिसते. काढायला लावू का?

---

प्रतिसाद १

त्या काळी धातूच्या बारीक लंबगोल फ्रेम असत. जुन्या बाजारात मिळतात, काचा बसवून घेता येतात. पण आता दोनच आठवडे राहिलेत. टोपडं जरा पुढे ओढा आणि चष्मा असू द्या. चष्म्याशिवाय त्यांना धागा दिसणार कसा?