‘शिक्षा’ नको, ‘परिणाम’ही नको, मग शब्द कोणता?

(चर्चा कोल्हापूर शहर-जिल्ह्यातली; बोलणाऱ्याच्या जागी त्याच्या पेठेचं किंवा गावाचं नाव आहे.)

उत्तरेश्वर पेठ
वस्तीतली छोटी शाळा. पहिली ते चौथी मिळून ३८ मुलं, शिक्षक दोन. मुलांच्या वागणुकीबद्दल पालकांना द्यायचं एक पानी पत्रक इंग्रजी नमुन्यावरून मराठीत करायचं आहे. नमुन्यात ‘कॉन्सिक्वेन्स’ शब्द सात ठिकाणी येतो. ‘परिणाम’ लिहिलं की ‘परिणामांना सामोरे जावे लागेल’ असा वकिली नोटिशीचा सूर लागतो. ‘शिक्षा’ लिहिलं तर अर्थच उलटतो, कारण नमुन्यात ‘पनिशमेंट’ आणि ‘कॉन्सिक्वेन्स’ मुद्दाम वेगळे ठेवलेत. सांगायचं आहे ते एवढंच की, आमटी सांडली तर ज्यानं सांडली त्यानं पुसायची. याला नेमका शब्द काय?

राजारामपुरी
‘परिमार्जन’. चुकीचं परिमार्जन करणे हा प्रयोग रुळलेला आहे आणि मार्जन म्हणजे पुसणेच, तेव्हा आमटीला तर चपखल बसतो.

कागल
चपखल आहे, पण पत्रक वाचणार कोण? शब्द घरातलाच हवा आणि तो आहे: निस्तरणे. ‘सांडलंस नव्हं, मग निस्तर आता’ हे वाक्य कोल्हापुरात शाळेच्या वयाच्या प्रत्येक पोरानं ऐकलेलं असतं. निस् + तॄ, म्हणजे पार होणे. तरणे, तारणे, उतरणे याच कुळातला. केलेल्या गोष्टीतून पार व्हायचं, हाच तुमच्या नमुन्याचा अर्थ.

फक्त पत्रकात त्याच्या हद्दी लिहा, नाहीतर चार दिवसांत निस्तरण्याची शिक्षा होते. जेवढं सांडलं तेवढंच पुसायचं. सांडलेल्या आमटीसाठी अख्खा व्हरांडा झाडायला लावला की ती शिक्षा झाली. ते त्याच दिवशी, शक्यतो त्याच मधल्या सुट्टीत उरकायचं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या डोक्यात कारण उरलेलं नसतं, राग तेवढा उरतो. आणि पुसून झालं की विषय संपला. चुकतं ते नेमकं इथं. पुसून झाल्यावरही ‘कालचा आमटीवाला कुठाय’ म्हणून हाक मारली जाते आणि मग पुढच्या वेळी मूल सांडलेलं लपवतं.

गडहिंग्लज
‘निस्तरणे’ला माझी हरकत आहे. रोजच्या बोलण्यात माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याचं निस्तरतो. ‘तुम्ही करून ठेवता आणि आम्ही निस्तरतो’ ही तक्रारीची भाषा झाली. शिवाय त्याचं नाम होत नाही. ‘निस्तारण’ केलं की हिंदीतलं कचरा निस्तारण आठवतं. ‘भरपाई’ घ्या.

कागल
‘भरपाई’ म्हटलं की पालकाचा हात खिशाकडे जातो. काच फुटली तर ते ठीक, पण वही फाडली, ढकललं, चिडवलं, त्याची भरपाई किती रुपये? आणि नाम हवंच कशाला? मराठी क्रियापदावर चालते. ‘सांडलं तर पुसायचं, विस्कटलं तर लावायचं, भांडलं तर बोलून मिटवायचं.’ सातपैकी पाच ठिकाणी शब्दाची गरजच उरणार नाही.

राजारामपुरी
म्हणजे प्रमाण शब्द आहे तो टाकायचा आणि बोलीवर भागवायचं. मग ‘शिस्त’सुद्धा टाका. तिथं ‘अनुशासन’ हा शुद्ध शब्द असताना आपण कुणाचा तरी अपभ्रंश चालवतो.

गारगोटी
‘शिस्त’ अपभ्रंश नाही. बरेच जण तो ‘शिष्ट’वरून आला असं समजतात, पण शब्द फारसी आहे आणि मूळ अर्थ नेम. जुन्या मराठीत बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. उर्दूत अजून ‘शिस्त बाँधना’ म्हणतात. फारसीत शस्त म्हणजे अंगठा आणि तिरंदाज अंगठ्यात घालतो ते कडंही. नेमावरून सरळ रेघ, रेघेवरून ओळ, ओळीवरून आजचा अर्थ, अशी वाट मला दिसते.

‘शिक्षा’चंही तसंच. तो शास् धातूचा नाही, शिष्य आणि अनुशासन त्या धातूचे. शिक्षा येते शिक्ष् वरून, आणि ते शक् या धातूचं इच्छार्थक रूप: करता यावं अशी इच्छा. हिंदीनं तो अर्थ राखला, मराठीनं त्याला छडी दिली. म्हणून हिंदी ‘शिक्षा विभाग’ वाचून मराठी मूल दचकतं.

मंगळवार पेठ
मग ‘तालीम’ही घ्या. अरबीत शिकवणे, कोल्हापुरात आखाडा. वस्ताद जोर-बैठका काढायला लावतात ते अंग कमवायला, आणि तेच वर्गात उठाबशा म्हणून काढायला लावलं की ती शारीरिक शिक्षा. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या अधिनियमाच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई केली आहे. अंगठे धरून उभं करणं, उन्हात थांबवणं, सगळ्यांसमोर टोपणनाव ठेवणं, हे सगळं त्यात येतं. पालक स्वतः ‘हाणा की सर, आमची हरकत नाही’ म्हणाले, तरी त्या परवानगीला किंमत शून्य. पत्रकात हे एक वाक्य घालाच. आणि पत्रक शाळा व्यवस्थापन समितीत मोठ्यानं वाचून दाखवा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. वाचताना जिथं ते अडतील, तो शब्द बदलायचा.

गडहिंग्लज
‘दंड’ तर मुळातच काठी. पुढं त्याचा अर्थ पैसे झाला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. म्हणजे चूक घरच्यांची तर दंडही घरच्यांनाच, मुलाला नाही. हा फरक आजच्या पत्रकातही राहू दे. उशिरा येणारं पहिलीतलं पोर स्वतःहून उशीर करत नाही. त्याला दारात उभं करून काय साधणार?

कागल
शंभर टक्के. उशिराची नोंद वेगळ्या पानावर ठेवा आणि बोलणं घराशी करा.

नोंदवहीचा विषय निघालाच आहे तर शब्दांचा खरा घोळ तिथं असतो. ‘दंगा केला’, ‘उद्धट’, ‘उनाड’ असं लिहिलं तर महिन्यानं वाचून काहीच हाती लागत नाही. रकाने असे ठेवा: तारीख, कितवा तास, जागा, आधी काय चाललं होतं, काय केलं, मग आपण काय केलं. विशेषण एकही नाही. ‘हात धुताना पुढच्याला ढकललं’ असं लिहा. पंधरा दिवसांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की बऱ्याचदा मुलापेक्षा जागाच दोषी निघते.

तुमच्याच आकड्यावर हिशेब करतो. ३८ मुलं, समजा नळ दोन, हात धुवायला प्रत्येकी २० सेकंद. शेवटच्या मुलाला सहा मिनिटं उभं राहावं लागतं, तेही भुकेल्या पोटी, ताट हातात घेऊन. ढकलाढकली शेपटाकडून सुरू होणारच. आठ-आठ मुलं सोडली तर एका तुकडीला ८० सेकंद लागतात. बाकीची बसून ताटं मांडतील. जमिनीवर हातभर अंतरानं चुन्याचे ठिपके काढा आणि शाळा सुरू झाली की पहिले दहा दिवस ओळीचा सराव रोज पाच मिनिटं घ्या. नुसतं ‘ओळीत या’ सांगितलं की झालं असं धरू नका, ओळ शिकवावी लागते.

राजारामपुरी
‘ओळ’ की ‘रांग’? हात धुवायला रांग, परिपाठाला ओळ. दोन्ही एक नव्हेत.

गारगोटी
इकडे पोरं दोन्हीला ‘लाईन’ म्हणतात.

उत्तरेश्वर पेठ
नळ खरोखरच दोन आहेत. उद्यापासून आठांची तुकडी करतो. भांडणाचं मात्र अडलंय. ‘भांडलं तर बोलून मिटवायचं’ लिहिलं, तर पालक विचारणार, माफी मागायला लावणार ना?

मंगळवार पेठ
माफी ‘लावू’ नका. लावलेली माफी दोन शब्दांत उरकते आणि गेटबाहेर भांडण पुन्हा पेटतं. आधी दोघांना दहा मिनिटं वेगळं बसवा, कारण चिडलेल्या मुलाला काहीही ऐकू जात नाही. मग एकेकट्याला तीनच प्रश्न: काय झालं, कुणाला काय लागलं, आता काय करायचं. ‘का केलंस’ विचारू नका. त्याला उत्तर नसतं, सबब असते. छोट्या शाळेत आणखी एक पथ्य पाळावं लागतं. दोघं बहुतेक एकाच गल्लीतले, कधी चुलतभाऊच. संध्याकाळपर्यंत गोष्ट दोन्ही घरी तिखटमीठ लावून पोचते. म्हणून शाळा सुटण्याआधी दोन्ही घरांना सारख्याच शब्दांत निरोप गेला पाहिजे.

गडहिंग्लज
वरच्या रकान्यांत ‘दंगा’ गाळलात ते एका अर्थी बरं. आपल्याकडे दंगा म्हणजे पोरांचा गलका. हिंदीत दंगल, जाळपोळ. नोंदी कधी हिंदीत पाठवायच्या झाल्या तर पहिलीतल्या मुलांवर दंगलीचा ठपका येईल.

राजारामपुरी
आणि आपल्याकडे ‘दंगल’ म्हणजे कुस्तीचं मैदानसुद्धा. पण पत्रकात ‘परिमार्जन’ निदान शीर्षकात तरी ठेवा, एवढा आग्रह आहे.

कागल
शीर्षकाचंच बोलायचं तर तिथं ‘वर्तणूक’ हा शब्द तरी कशाला? शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा रकाना आहे तो. घरात ‘वागणं’ म्हणतात.

राजारामपुरी
दाखल्यावर ‘वागणं: चांगलं’ लिहायचं का?