बिबट्याला गोळी घालायची सही कुणाची: नागपूरची की तालुक्याची?

कुकडीकाठ:
जुन्नर तालुक्यात आमचा चार एकर ऊस. लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दारं धरायला जाताना एकाच्या हातात फावडं, दुसऱ्याच्या हातात बॅटरी आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने भजन. भक्ती म्हणून नाही, आवाज व्हावा म्हणून.

2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात वीसेक दिवसांत तीन माणसं गेली, त्यात दोन लेकरं. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, हायवे अडवला. त्यानंतर एका बिबट्याला नरभक्षक ठरवून गोळी घातली. तिकडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होत्या. असले पट्टे आम्ही कुत्र्याला घालतो.

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. कलम 11 प्रमाणे त्याला मारायचा लेखी आदेश फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, तेही त्याला पकडता किंवा बेशुद्ध करता येत नाही अशी खात्री झाल्यावर. ते बसतात नागपुरात. अनुसूची दोनमध्ये टाकला तर त्यांनी नेमलेला अधिकारीही परवानगी देऊ शकेल. ते करा, आणि दरवर्षी ठरावीक बिबटे मारू द्या. हा कायदा 1972चा आहे, आमचा ऊस कुकडीच्या कालव्याच्या पाण्यावरचा, नंतरचा.

रानवाट:
ठरावीक म्हणजे कोणते? उसात दिसला तो? माणूस मारणारा एखादाच असतो, आणि अंधारात सगळ्यांचे ठिपके सारखेच.

तुमच्याच तालुक्यात हा खेळ झालाय. 2001 पासून बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडले. आधी वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते 17 वर गेले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हे नोंदवलंय. जाणता नर उचलला की त्याच्या हद्दीत नवखी तरणी पोरं घुसतात. गोळीनेही जागा रिकामीच होणार.

कुकडीकाठ:
ते सोडलेल्यांचं झालं. मेलेला बिबट्या दुसऱ्या तालुक्यात जाऊन हल्ला करत नाही.

रानवाट:
मान्य, ती तुलना पूर्ण जुळत नाही. पण रिकाम्या जागेचं काय? आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. सावली, पाणी, बछड्यांना पाचटाचं अंथरूण, आणि बाहेर कुत्री. नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के कुत्रीच निघाली. ताट वाढलेलं असताना पाहुणा थांबायचा नाही.

गोठेवालीताई:
दोघं भाऊ शिकारीवर भांडताय, पण गोठ्याबद्दल कुणी बोलेना. माझी कालवड गेली ती दावणीला बांधलेली. पंचनाम्याला माणूस आला तिसऱ्या दिवशी, तोवर वास सुटलेला. बाजारभावाच्या 75 टक्के मिळतात म्हणे, पण बाजारभाव ठरवतं कोण? ती पुढच्या महिन्यात विणार होती, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग कर्ज काढून गोठ्याला चहूबाजूंनी जाळी मारली, वरूनही. त्यानंतर बिबट्या दोनदा येऊन गेला, चिखलात ठसे होते, आत नाही शिरला. मला बंदूक नको. जाळीला पैसे द्या आणि लाइट दिवसा द्या. शेतीला दिवसा लाइट देणाऱ्या सौर कृषी वाहिनीचे खांब आमच्या शिवेपर्यंत आलेत, पुढे सरकत नाहीत.

उत्तरध्रुव:
मी स्वीडनमध्ये असतो. इथे 2010 पासून लांडग्यांची परवाना शिकार पुन्हा सुरू झाली. किती मारायचे ते आधी ठरतं. तरी भांडण मिटलेलं नाही: पर्यावरणवाले कोर्टात जातात आणि शिकाऱ्यांना कोटा कमीच वाटतो. त्यांचा राग मेंढ्यांपेक्षा कुत्र्यांवरून जास्त. शिकारीला सोडलेलं कुत्रं लांडगे मारतात, ते घरातलं माणूस गेल्यासारखं लागतं. पण इथला लांडगा माणसाच्या लेकराला उचलत नाही, म्हणून हे मॉडेल उचलून जुन्नरला लावा असं मी म्हणणार नाही.

कुकडीकाठ:
ताई, जाळीचं पटलं. पण जाळी गुरांना. ऊसतोडीची माणसं फडाशेजारी कोप्या टाकून राहतात, पोरं बाहेर खेळतात. त्यांच्या कोपीला कसली जाळी मारणार? माणूस गेल्यावर 25 लाख मिळतात, त्याच्या आधी काहीच नाही.

'दरवर्षी ठरावीक' हे मागे घेतो. रागात लिहिलं होतं. सहीचं मात्र मागे घेत नाही. एका गावात दुसरा बळी गेल्यावर निर्णय तिथेच, त्याच दिवशी व्हावा.

रानवाट:
सही तालुक्यात आली की दबावही तालुक्यात येईल. निवडणुकीच्या तोंडावर कुठला अधिकारी नाही म्हणेल? पहिला समोर येईल तो बिबट्या मरेल आणि खरा उसातच राहील. आधी ठसे आणि कॅमेरा ट्रॅपचे फोटो जुळवा, मग बंदूक.

कुकडीकाठ:
फोटो जुळवा, कोण नको म्हणतंय? पण कॅमेरा पहिल्या बळीनंतर लावा, तिसऱ्यानंतर नको. आणि दबावाचं म्हणाल तर तो नागपूरलाही पोचतो. फक्त त्यासाठी हायवे अडवावा लागतो.