वापरून झालेल्या लेन्स: तुमचा अनुभव सांगा

लेन्स घेण्याआधी वाचायला माहिती ढीगभर मिळते. वापरून जुनी झाल्यावर ती कशी वाटली, कुठली विकून टाकली, कुठली अजून पिशवीतून निघत नाही, हे मात्र फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. चाचण्यांचे तक्ते नकोत, तुमचं मत हवं, मग ते एकांगी असलं तरी चालेल. आणि ‘कुठला कॅमेरा घेऊ?’ इथे विचारू नका, प्लीज.

सुरुवात मीच करतो. कॅननची ५० एमएम एफ/१.८ मार्क टू (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). १९९० साली आलेलं डिझाइन, वजन १३० ग्रॅम, माउंटसुद्धा (कॅमेऱ्याला जोडायची कडी) प्लास्टिकचा. फोकस होताना मिक्सरसारखी घरघर. अ‍ॅपर्चरला (उजेड आत सोडणाऱ्या भोकाला) पाचच पाती, त्यामुळे थोडं बंद केलं की गणपतीच्या मखरातल्या माळेचा प्रत्येक दिवा पंचकोनी. एफ/१.८ ला चित्र जरा दुधाळ, २.८ ला एकदम स्वच्छ. क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ती ८० च्या कोनाची होते, म्हणजे आपल्याकडच्या खोल्यांत पाठ भिंतीला टेकते. तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे जे फोटो आज फ्रेम करून लावलेत, ते बहुतेक हिचेच. लेन्स एवढीशी असल्यामुळे समोरचा सावरून बसत नाही, हे तिचं खरं बलस्थान.

पुढे हिचीच २०१५ ची नवी आवृत्ती, एसटीएम, घेतली. धातूचा माउंट, सात गोलसर पाती, आवाज नाही. सगळ्यात सुधारलेली. तिच्याबद्दल लिहायला काही सुचत नाही.

सोलापूरहून

निकॉनवाल्यांची पन्नास: ५० एमएम एफ/१.८डी. हिच्यात मोटर नाही, ती बॉडीतल्या मोटरवर फिरते. डी३१००, डी५१०० अशा बॉड्यांत ती मोटरच नाही, त्यामुळे ऑटोफोकस विसरा. मला ते आधीच माहीत होतं आणि स्वस्तात मिळत होती म्हणून घेतली. हाताने फिरवायची, व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका स्थिर झाला की दाबायचं. गड्ड्याच्या जत्रेत रात्री पाळण्यांच्या उजेडात हेच केलं. सवय झाली की मजा येते, पण पळत्या पोरांच्या मागे लागू नका.

रत्नागिरीहून

शार्पनेस वगैरे ठीक आहे हो, आमच्याकडे लेन्सचं आयुष्य पावसाळा ठरवतो. माझी ७०-३०० बुरशीने गेली. वरून बघितली तर काहीच नाही. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. एका दुरुस्तीवाल्याने साफ करून दिली. धागे गेले, पण बुरशीने कोटिंग खाल्लं होतं, त्याचे डाग राहिले. समोरून ऊन आलं की चित्रावर धुकं येतं. आता ती फक्त पाठीवर ऊन घेऊन वापरायची लेन्स आहे.

त्यानंतर लेन्सबरोबर आलेले चामड्याचे डबे पहिले काढून टाकले. चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवायचा. फार कोरडंही चांगलं नाही म्हणतात, वंगण सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करायचे. त्यांत कोबाल्टचं क्षार असतं, तेव्हा त्या तव्यावर परत पोळी भाजायची नाही. आमच्या हिने तवाच मला देऊन टाकलाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेन्स वापरा. जी रोज बाहेर निघते, तिला बुरशी सहसा लागत नाही.

धागाकर्ता

टॉर्चचा मुद्दा सेकंडहँड घेणाऱ्यांनी लिहून ठेवा. ‘चकाचक आहे, बॉक्सपीस’ म्हणणाऱ्यासमोरच टॉर्च काढायचा.

बारामतीहून

जेजुरी, सोमवती अमावस्या. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स घेऊन भंडाऱ्यात जाऊ नका, एवढंच सांगायला आलो. नळी आत-बाहेर होताना हवा ओढते आणि हवेबरोबर हळद. माझ्या १८-१३५ ची रिंग अजून करकरते. आता ३५ ची प्राइम (झूम नसलेली) लावतो, पुढे फिल्टर, माउंटच्या सांध्यावर टेप, आणि गड उतरेपर्यंत लेन्स बदलत नाही. बहुतेक ७०-२०० एफ/२.८ वाल्यांची नळी बाहेर येत नाही म्हणून ते निवांत असतात. पण कॅननचा तो पांढरा रंग पिवळा झालेला मी पाहिलाय. काचेवर पडलं तर आधी ब्लोअर, फडकं नंतर. घासलंत की संपलं.

सांगलीहून, लग्नाच्या सीझनवाला

दोनच लेन्सवर घर चाललंय: २४-७० आणि ७०-२००, दोन्ही २.८. बाकी सगळा शौक. अंतरपाट धरला की मला मागे सरकायला जागा नसते. मागे व्हिडिओवाला, त्याच्या मागे मामा, आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. तिथे २४. मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईचा चेहरा पाहिजे असतो, तो खुर्च्यांच्या मागून ७०-२०० ने. तिला कळलंही नाही पाहिजे. कॅननच्या मार्क टूचं वजन दीड किलो, संध्याकाळपर्यंत मनगट बोलायला लागतं.

८५ एफ/१.८ सुद्धा होती. सुंदर लेन्स, पण विकली. गिऱ्हाइकाला बोके (मागचं धूसर) नको असतो हो. अल्बममध्ये आत्या दिसली पाहिजे, आणि आत्या नेहमी मागच्याच रांगेत असते.

नागपूरहून

ताडोबासाठी निकॉनची २००-५०० एफ/५.६. ट्रायपॉडची कॉलर धरून २.३ किलो. झूमची रिंग इतकी लांब फिरते की २०० वरून ५०० ला एका झटक्यात जाता येत नाही, हात बदलावा लागतो. तोवर वाघ बांबूत. म्हणून मी ती ५०० ला ठेवून देतो आणि दुसऱ्या बॉडीवर ७०-२००. पाणवठ्यावरून उठून वाघ रस्त्याने जिप्सीकडे चालत आला, की ५०० वाले सगळे नुसते डोळे नि मिशा काढत बसतात.

एक गोष्ट मात्र लेन्सच्या माथी मारू नका. मे महिन्यात सकाळी नऊनंतर जमीन तापली की लांबचा फोटो उकळत्या पाण्यातून काढल्यासारखा येतो. लाखांची प्राइम लावा नाहीतर माझी लावा, मधली हवाच हलतेय. ‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणून सर्व्हिसला पाठवणारे याच दिवसांत भेटतात.

डोंबिवलीहून

सगळ्यांच्या विरोधात एक मत: हेलिओस ४४-२. सोव्हिएत, ५८ एमएम एफ/२, मूळ घडण झाइसच्या बायोटारवरून घेतलेली. मागची पानं गोल फिरलेली दिसतात म्हणून इंटरनेटवर फार डोक्यावर घेतलीय. ती भोवरी फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर), एफ/२ ला, माणूस जवळ आणि झाडी बऱ्यापैकी मागे असेल तरच नीट येते. क्रॉपवर कडा कापल्या जातात आणि भोवरीही जाते. निकॉन डीएसएलआरवर तर साध्या अ‍ॅडॅप्टरने अनंताला फोकसच होत नाही, माउंटची खोली जमत नाही. मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) काही अडचण नाही. अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत, एक आकडा ठरवायला, एक उघड-बंद करायला. ते फिरवायला हाताला बरं वाटतं, हे कबूल. दहा-बारा फोटो झाले की कंटाळा येतो, हेही लिहा.

साताऱ्याहून

सोलापूरच्या दादांची ती डी लेन्स उलटी लावून बघितली का? ५२ ची रिव्हर्स रिंग अगदी स्वस्तात मिळते. लेन्स उलटी लावली की सेन्सरवर फूल जवळपास खऱ्या आकाराचं पडतं. कॅननच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर बॉडीच्या विजेवर चालतं, उलटी लावली की ते उघडंच राहतं. डीला स्वतःची रिंग आहे, एफ/११ हवं तर हाताने ११.

माझ्याकडे १०० ची मॅक्रो (अगदी जवळून काढायची लेन्स) आहे, तिची तक्रार नाही. पण कासच्या पठारावर सीतेची आसवं आणि दवबिंदू या इवल्या वनस्पतींचे फोटो काढायला अजून उलटी पन्नासच घेऊन जाते. एवढ्या जवळून ११ लाही जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. म्हणून फोकसची रिंग फिरवत नाही, पायवाटेच्या कडेला कोपर टेकून सगळा कॅमेराच केसभर पुढेमागे करते. वारा थांबला तर थांबला. पायवाट सोडून आत जाऊन आडवं पडणाऱ्यांना मी तिथेच चार शब्द सुनावते.

उलट्या लेन्सची मागची काच उघडी पडते. जुन्या मागच्या झाकणाचा तळ कापून तेच उलटं बसवायचं, हूडचं काम होतं. पावसाचा थेंब आत जात नाही.