व्हिएतनाममधे अमेरिका नेमकी कुठे हरली, जंगलात की स्वतःच्या घरी?

अमळनेरचा_पोरगा
राम राम मंडळी. आमच्या अभ्यासिकेत यावरून जोरदार वाद झाला म्हणून विचारतोय. एक जण म्हणतो अमेरिका जंगलात हरली, गनिमी काव्यापुढे कोणाचं काही चालत नाही. दुसरा म्हणतो मोठ्या लढाया तर बहुतेक अमेरिकेनेच जिंकल्या, घरच्या लोकांनी साथ सोडली म्हणून परत यावं लागलं. आणि तो मेसेज फिरतो ना, की व्हिएतनामच्या मंत्र्याने रायगडावर येऊन सांगितलं आम्ही शिवाजी महाराजांमुळे जिंकलो, तो कितपत खरा? मला जास्त हे समजून घ्यायचंय की इतक्या लांबच्या लढाईने अमेरिकेत घराघरात एवढी आग कशी काय लागली. कोणी नीट सांगा भो.

पांझराकाठ
आधी मेसेजचं. त्याला कुठलाही लेखी पुरावा आजवर कोणी दाखवलेला नाही. व्हिएतनामचे सेनापती जनरल जियाप यांच्या लिखाणात चीनचा माओ येतो, त्यांनी स्वतः १९५४ ला दिएन बिएन फू इथे फ्रेंचांना हरवलं तो अनुभव येतो, शेकडो वर्षांपूर्वी मंगोलांना परतवणारे त्यांचे पूर्वज येतात. महाराजांचं मोठेपण अशा मेसेजवर अवलंबून नाही, त्यामुळे कृपा करून तो पुढे पाठवू नका.

आता मुख्य प्रश्न. आग लागली ती सक्तीच्या भरतीमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. १ डिसेंबर १९६९ ची ती लॉटरी डोळ्यासमोर आणून बघ. काचेच्या मोठ्या बरणीत ३६६ निळ्या प्लॅस्टिकच्या डब्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख, आणि टीव्हीवर सगळ्या देशासमोर एकेक डबी उघडतायत. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर, म्हणजे १९४४ ते १९५० मधे ज्या ज्या पोराचा जन्म १४ सप्टेंबरचा तो सगळ्यात आधी जाणार. कुठल्या आईला झोप लागली असेल त्या रात्री? वर नंतर लक्षात आलं की डब्या नीट ढवळल्याच नव्हत्या, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा जास्त करून आधी निघाल्या.

त्याच्या आधीची पद्धत तर अजून वाईट होती. कॉलेजात शिकणाऱ्याला सूट, ओळखीचा डॉक्टर असला की सर्टिफिकेट, मग जाणार कोण तर कामगाराचा, शेतकऱ्याचा आणि कृष्णवर्णीयांचा पोरगा. बॉक्सर मुहम्मद अलीने १९६७ मधे भरतीला नकार दिला तर त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलं, आणि सुप्रीम कोर्टात तो सुटेपर्यंत १९७१ उजाडलं, ऐन उमेदीची वर्षं गेली बिचाऱ्याची.

दुसरी गोष्ट खोटं बोलणं. नोव्हेंबर १९६७ मधे सेनापती वेस्टमोरलंड वॉशिंग्टनला येऊन सांगून गेले की आता शेवट दिसायला लागलाय, आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी १९६८ च्या शेवटी, तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणाच्या दिवसांत गनिमांनी शंभरावर शहरं आणि गावांवर एकदम हल्ला केला, दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावात, अमेरिकन वकिलातीच्या आवारात घुसले. लष्करी हिशोबाने गनिमांचं त्यात भयंकर नुकसान झालं, तुझा मित्र म्हणतो ते तेवढ्यापुरतं बरोबरच आहे, पण लोकांनी टीव्हीवर वकिलातीत चाललेली गोळीबारी बघितली आणि सरकारवरचा विश्वास उडाला तो उडालाच. ३१ मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी जाहीर केलं की मी पुन्हा अध्यक्षपदाला उभा राहणार नाही. १९७१ ला पेंटागॉनची, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याची, गुप्त कागदपत्रं पेपरात आली तेव्हा तर सिद्धच झालं की आत एक बोलत होते आणि बाहेर दुसरंच.

सातपुडा_शिरपूर
पांझराकाठ सरांचं पटलं, पण जंगल विसरू नका. आपल्या खान्देशातच बघा, १८१८ नंतर इंग्रजांनी सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरात भिल्लांवर पलटणी पाठवल्या, वर्षानुवर्षं काही जमलं नाही, शेवटी १८२५ मधे औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि माफी, पगार देऊन लोकांना आपल्याकडे ओढलं. तरी १८५७ ला खाज्या नाईक उठलेच, आणि ते तर आधी इंग्रजांच्याच नोकरीत घाटाची राखण करत होते. डोंगरातला माणूस ज्याच्या बाजूने त्याचाच डोंगर.

अमेरिकेच्या पाठिंब्याने दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने १९६२ पासून उलटं केलं, खेड्यातल्या लोकांना बापजाद्यांची शेतं आणि थडगी सोडायला लावून कुंपण घातलेल्या वस्त्यांमधे कोंबलं. पुढे यश कशाने मोजायचं तर किती मुडदे पडले त्याने. मग मेलेला शेतकरी पण गनीम म्हणून मोजला जाणार, दुसरं काय होणार. १६ मार्च १९६८ ला माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी बाया, पोरं, म्हातारे शेकड्याने मारले आणि ते दीड वर्षाहून जास्त दाबून ठेवलं. ते फोटो छापून आल्यावर अमेरिकेतल्या साध्या माणसाला स्वतःची लाज वाटायला लागली, हे पण घरच्या आगीचं कारण आहे.

माजी_सैनिक_चाळीसगाव
मी श्रीलंकेत शांतिसेनेत होतो म्हणून लिहितो. १९८७ ते १९९० आपले सुमारे १२०० जवान तिथे शहीद झाले. समोरचा लुंगीतला माणूस शेतकरी की वाघ, म्हणजे एलटीटीईचा बंडखोर, हे कळायचं नाही, पायाखाली सुरुंग, झाडावर बंदूकवाला. परत आलो तेव्हा बंदरावर स्वागताला कोणी नव्हतं, गावात लोक विचारायचे तिकडे गेलेच कशाला होते. पण आम्ही पूर्ण पलटण सोबत आलो, जहाजात आणि पुढे रेल्वेत पण सोबतच, एकमेकांजवळ बोललो, रडलो.

अमेरिकन पोराला ते पण मिळालं नाही. तो एकटा जायचा, बारा महिने मोजायचा आणि एकटाच विमानाने परत. परवा चिखलात होता आणि आज आईच्या स्वयंपाकघरात, तो काय बोलणार? त्यांच्या मनाच्या जखमेला डॉक्टरांच्या यादीत आजार म्हणून जागा मिळाली १९८० ला. वॉशिंग्टनला काळ्या दगडाची भिंत आहे, त्यावर ५८ हजारांवर नावं आहेत, घरी येऊन जे दारूत गेले त्यांची नावं त्यात नाहीत. आणि व्हिएतनामची माणसं मेली ती याच्या कितीतरी पट, तीस लाखांच्या आसपास, हे पण लिहा रे कोणीतरी.

तापीमाय
भाऊ, तुमचं वाचून पोटात कालवलं.
मला एक गोष्ट जोडायची आहे, त्या लढाईची झळ आपल्या चुलीपर्यंत आली होती. १९६५-६६ चा दुष्काळ, देश अमेरिकेच्या धान्यावर, त्या एका वर्षात बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आणावं लागलं. आणि आपलं सरकार व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीविरुद्ध बोलतं म्हणून जॉन्सन चिडलेले, शेती सुधारा म्हणून दबाव होताच, त्यात हे. गव्हाची जहाजं थोडी थोडी करून सोडायचे, मंजुरी स्वतःच्या हातात ठेवायचे. आई सांगते रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, यायची, पीठ चिकट नाही म्हणून भाकरी थापताना फाटायची, आणि आजीला घशाखाली उतरायची नाही. हरित क्रांतीची घाई झाली त्यामागे हा अपमान होता असं मला मनापासून वाटतं.

अमळनेरचा_पोरगा
सगळ्यांचे आभार, चाळीसगावचे माजी सैनिक आबा, तुम्हाला विशेष. मग एक अजून सांगा, अफगाणिस्तानात तर अमेरिका २००१ ते २०२१ होती, व्हिएतनामपेक्षा जास्त. तेव्हा अमेरिकेत अशी आग का नाही लागली?

पांझराकाठ
कारण १९७३ ला सक्तीची भरती बंद केली. अफगाणिस्तानात गेले ते पगारी, स्वतःहून भरती झालेले, आणि तेच तेच पोरं दोनदा तीनदा पाठवले. बाकी घरांना फरकच पडला नाही. व्हिएतनामच्या वेळी बघ, केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० ला लढाईविरुद्धच्या मोर्चावर नॅशनल गार्डने, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेने, १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी गेले, त्यातले दोघं तर मोर्चात पण नव्हते, आणि त्यानंतर देशभर शेकडो कॉलेजं बंद पडली. ती पोरं रस्त्यावर आली कारण पुढचा नंबर त्यांचा होता. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं ते पण १९७१ मधे याच रेट्याने, मरायला पाठवता तर मत द्यायला का नाही, हा त्यांचा सवाल होता. भरती बंद झाली हे चांगलंच झालं, पण त्यामुळे पुढची लढाई वीस वर्षं ओढणं सरकारला सोपं गेलं.