मदत हवी आहे: कारच्या दरवाज्यांना खालून गंज, पावसाळ्याआधी काय करू?

नंदनवनकर
राजेहो, गाडीच्या दरवाज्यांना खालून गंज लागला. रंग फुगून पापुद्रे निघून राहिले. मागच्या उन्हाळ्यात काम करून घेतलं होतं, बरोब्बर त्याच जागी परत आला. तो डेंटिंग-पेंटिंगवाला आता म्हणतो, दरवाजेच बदला. दुसरा म्हणतो, अंडरबॉडी कोटिंग करा, म्हणजे तळाला डांबरी थर, सगळं थांबते. कोणाचं ऐकू? लवकर सांगा, शनिवारी गाडी टाकायची आहे.

पत्रामास्तर
कोणती गाडी, किती जुनी? नुसत्या फोडी आहेत की पत्रा खाल्ला आहे? मागच्या वेळी गंज घासून काढला होता की वरूनच पुट्टी थापली? फोटो टाका.

नंदनवनकर
पांढरी हॅचबॅक, एमएच ३१. फोटो चढत नाहीये. पुट्टी मारली असंल, मी काय तिथं उभा नव्हतो.

संत्राबर्फी
सिरॅमिक कोटिंग करा भाऊ. माझ्या गाडीवर पाणी थांबतच नाही. नागपूरच्या उन्हात रंगपण टिकला.

पत्रामास्तर
@संत्राबर्फी, सिरॅमिक रंगाच्या वर बसतं. यांचा गंज बहुतेक आतून येतोय.
दरवाज्याच्या खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी तिथं उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. भोकं धुळीनं बुजली की पाणी त्या घडीत मुरतं. दरवाजा उघडून कडेखाली बोट फिरवा. भोकं लागतील, खराट्याची काडी घालून मोकळी करा. याला खर्च शून्य.

वाडीचा_ट्रकवाला
एवढं काहून करता बाप्पा? आमी दर पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारतो. बॉडी ठणठणीत.

निवृत्त_केमिस्ट
जळक्या ऑइलने चाकांच्या सांध्यांतले रबराचे बुश फुगतात, आणि ते गळून रस्त्यावर पडते ते वेगळेच. कृपया असले सल्ले देऊ नका. गंजावर थेट डांबरी कोटिंग मारले तरी ओल आत कोंडते आणि पत्रा आतल्या आत खात राहतो.

वाडीचा_ट्रकवाला
साहेब, तुमी पुस्तकातलं सांगता, मी गाड्या चालवतो.

धरमपेठची_सुमन
भांडण नंतर करा. नंदनवनकर, चारही दरवाज्यांना आहे का?

नंदनवनकर
नाही ताई, डावीकडच्या दोनच. उजवीकडे काहीच नाही. म्हणून तर डोकं चालत नाही. गाडी पावसात नसते, पोर्चमध्येच असते. डावीकडे तर खिडकीचा कूलरच आहे फक्त.

धरमपेठची_सुमन
अहो, मग हे आधी सांगायचं की! बोअरचं पाणी भरता का त्यात?

नंदनवनकर
बोअरचंच. सगळ्यांकडे तेच. त्याचा गाडीशी काय संबंध?

निवृत्त_केमिस्ट
संबंध आहे. कूलरमधले पाणी वाफ होऊन उडते, क्षार टाकीतच राहतात. वरून पुन्हा बोअरचे पाणी भरले की ते अधिकच खारे होते. त्याचे शिंतोडे उन्हाळाभर दरवाज्यांवर. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे, खाऱ्या पाण्यात ती जोरात चालते. दरवाज्यांवर पांढरे ओघळ दिसतात का?

नंदनवनकर
दिसतात. मला वाटलं पॉलिशचे.

संत्राबर्फी
अवांतर: कूलरला वाळ्या-गवताच्या ताट्या आहेत की हनीकोंब, म्हणजे जाळीदार कागदी पॅड? हनीकोंब लावा, शिंतोडे कमी.

गांधीबागेतला_शेजारी
ताट्यांची हवा हनीकोंबला येत नाही. वाळ्याच्या ताट्या लावून बघा, मग बोला.

संत्राबर्फी
दर हंगामाला ताट्या बदलायला तुम्ही येणार का?

आरटीओ_सल्ला
खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर ५-५ वर्षांचं नूतनीकरण. गाडी त्या वयाची असेल तर आधी फिटनेस बघा, मग रंगावर खर्च करा.

पत्रामास्तर
नोंदणीचं कोणी विचारलं? नंदनवनकर, लोहचुंबक कापडात गुंडाळून दरवाज्यावर फिरवा. जिथं धरत नाही तिथं पुट्टीचा जाड थर आहे. फोडीवर पेचकस दाबा. आरपार गेला तर तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागेल, पूर्ण दरवाजा बदलायची गरज नसते. गेला नाही तर चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचं, त्यावर इपॉक्सी प्रायमर (ओल अडवणारं अस्तर), मग पुट्टी, मग रंग. उघड्या पत्र्यावर पुट्टी नको, ती ओल पिते. तुमच्याकडे मागच्या वेळी हेच झालं असणार. शेवटी भोकांतून आत पातळ मेणाचा फवारा मारून घ्या, दुमडलेल्या कडेपर्यंत पोचतो. आणि हे पाऊस लागायच्या आधी करा, दमट हवेत रंग नीट बसत नाही.

नंदनवनकर
मस्त. पण कूलर हलत नाही, आईच्या खोलीचा आहे. गाडी उलटी लावली तर?

धरमपेठची_सुमन
मग पुढच्या वर्षी उजवीकडचा धागा काढाल. मध्ये जाड प्लास्टिकचा पडदा टाका, कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा, आणि डावी बाजू नळाच्या पाण्यानं धुवा, बोअरच्या नाही.

वाडीचा_ट्रकवाला
आणि पडद्याला जळकं ऑइल मारा 😄