ओव्हन बिघडला तेव्हा : ठाणे आणि नवी मुंबईच्या घरांतील अनुभव

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन) बंद पडला की तो माळ्यावर टाकून नवा आणावा, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो घाईचा वाटतो. आपल्या घरी बिघाड कसा लक्षात आला, काय तपासले आणि कुठे हात आखडता घेऊन कारागिराला बोलावले, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

नेरूळ : पावसाळाभर न वापरलेला ओव्हन गणपतीच्या आधी नानखटाईसाठी लावला, तर बटन फिरवताच मेन बोर्डवरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडला आणि घरभर अंधार झाला. ओव्हन तापवणाऱ्या रॉडमधील तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते; खाडीकाठच्या आमच्या दमट हवेत ती ओलावा शोषते, वीज नळीतून अर्थिंगकडे झिरपू लागते आणि 30 मिलिअँपिअरची गळतीही आरसीसीबीला पुरते. शेजारच्या काकांनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सुचवले होते. कृपया असे कोणीही करू नये, कारण मग तीच वीज ओव्हनच्या पत्र्यावर उभी राहते आणि पहिला हात लावणाऱ्याला झटका बसतो. इलेक्ट्रिशियनने मेगर (वीजगळती तपासण्याचे मीटर) लावून दोन्ही रॉड तपासले, दोषी ठरलेल्या खालच्या रॉडच्या तारा सोडवून ठेवल्या आणि वरच्या रॉडवर 100 अंशांवर अर्धा तास ओव्हन चालवला. त्या उष्णतेने खालचा रॉड सुकला, पुन्हा घेतलेले मोजमाप समाधानकारक आले आणि रॉड बदलावा लागला नाही.

नौपाडा : आमच्याकडे दोष ओव्हनमध्ये नव्हताच. 1500 वॅटचा ओव्हन 230 व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर वीज घेतो आणि आम्ही तो वर्षभर 6 अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालवत होतो. प्लगची पिन काळी पडली आणि जळका वास आला, तेव्हा कुठे लक्ष गेले. नवा प्लग आणि 16 अँपिअरचे सॉकेट बसवल्यावर तक्रार उरली नाही.

घोडबंदर रोड : केक वरून तयार दिसे आणि मध्ये कच्चा राही, म्हणून कित्येक महिने मी पाककृतीलाच दोष देत होते. शेवटी ओव्हनमध्ये ठेवायचा तापमापक आणला. थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) रॉड सतत चालू-बंद करत असल्यामुळे एका नोंदीवर विसंबता येत नाही. मी अर्धा तास दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला, तेव्हा 180 वर ठेवलेल्या ओव्हनची सरासरी 150 च्या आसपास निघाली. थर्मोस्टॅटची संवेदक नळी क्लिपमधून निसटून रॉडजवळ गेली होती, त्यामुळे ती लवकर तापून रॉड वेळेआधीच बंद करत होती. प्लग काढून, ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर कारागिराने नळी जागेवर बसवली.

ऐरोली : खालचा रॉड लाल होत नसेल तर प्लग काढून, रॉडची एक तार सोडवून मल्टिमीटर लावावा. 750 वॅटच्या रॉडचा रोध साधारण 70 ओहम यायला हवा. आमच्याकडे मीटर काहीच दाखवत नव्हता, म्हणजे आतली तार तुटली होती. जुना रॉड सोबत घेऊन ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात गेलो, कारण वॅट, लांबी आणि टोकांचा आकार हे तिन्ही जुळावे लागतात.

वाशी : आमच्या मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडत होत्या. आतल्या बाजूच्या अभ्रकाच्या पत्रीवर तूप जळून काळा डाग पडला होता आणि ती पत्री बदलल्यावर काम झाले. त्याचे मागचे झाकण मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतभार राहू शकतो.

नेरूळ : घोडबंदर रोडच्या ताई, आपली नोंदी घेण्याची पद्धत मी आजच करून पाहते. यंदा जून लागल्यापासून मी दर रविवारी ओव्हन दहा मिनिटे रिकामा तापवते आहे आणि आरसीसीबी अजून एकदाही पडलेला नाही.