ब्लॅकन्ड डेथकोर: ब्लॅक मेटल की नुसतं तोंडाला फासलेलं पीठ?

मिरजेचा गुरगुऱ्या: काल परत एकानं न्यू जर्सीच्या लोर्ना शोर या डेथकोर बँडचं (डेथकोर म्हणजे डेथ मेटल आणि हार्डकोर पंकची सरमिसळ, त्यात ब्लॅक मेटल मिसळलं की 'ब्लॅकन्ड') 'टू द हेलफायर' हे गाणं पाठवलं, वर मेसेज, "हे ऐक, खरं ब्लॅक मेटल". २०२१ पासून कितव्यांदा आलं देव जाणे. गाणं वाईट नाहीये, गायक विल रामोसचा घसा तर कमालच, पण यात ब्लॅक मेटल कुठाय ते दाखवा. मागं सिंथचा (कीबोर्डचा) कॉयर, गिटारवर ट्रेमोलो (एकच सूर भराभर छेडणं), ड्रमवर सुसाट ब्लास्ट बीट, आणि सगळे थांबलेत कशासाठी तर शेवटच्या ब्रेकडाउनसाठी, म्हणजे वेग पाडून जड ठोके घालायच्या जागेसाठी. ब्लॅक मेटलमध्ये एकच रिफ (गिटारची फिरून फिरून येणारी धून) चार-पाच मिनिटं चालते आणि आपण गारठत जातो, इथं जरा कुठं रंगतंय तोवर दुसरंच चालू. लग्नाच्या बँडसारखं सगळंच एकदम.

रद्दीतली कॅसेट: काय राव, हे सोवळं कधीपासून? १९८७ साली ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंतेच्या सार्कोफागो बँडनं 'आय.एन.आर.आय.' अल्बम काढला, कव्हरवर तोंडं पांढरी-काळी रंगवून (तेच ते पीठ) काडतुसांचे पट्टे बांधून उभी आहेत पोरं, आणि ऐकायची काय, तर फिनलंडचं हार्डकोर! मग १९९० ला कॅनडाच्या ब्लास्फेमी बँडचा 'फॉलन एंजल ऑफ डूम', ज्याला आता वॉर मेटल म्हणतात. त्यात ब्लॅक कुठं संपलं आणि डेथ कुठं सुरू झालं ते बोट ठेवून सांग. नॉर्वेची ती गाजलेली लाट याच्या नंतरची, आणि तुझं सोवळं तिथूनच आलंय.

मिरजेचा गुरगुऱ्या: सार्कोफागो मान्य. पण त्यांनी हार्डकोरमधून वेग उचलला, ब्रेकडाउन नाही. तिथंच तर गोची आहे.

दोन पेडल: तुम्ही दोघं वेगवेगळ्या हार्डकोरवरून भांडताय. एक इंग्लंडचं, डिस्चार्जचा १९८२ चा अल्बम घ्या, डी-बीट, म्हणजे धडधडत पुढंच पळणारा ड्रमचा ठेका. दुसरं न्यूयॉर्कचं, मध्येच वेग पाडायचा आणि पिटमध्ये (स्टेजसमोर पोरं धिंगाणा घालतात तिथं) हातपाय फिरवायला जागा करून द्यायची. पहिलं ब्लॅक मेटलला पटकन चिकटतं, कारण ट्रेमोलोखाली डी-बीट टाकला तरी रिफ वाहत राहते, नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्या डार्कथ्रोननं २००६ च्या 'द कल्ट इज अलाइव्ह'वर पंककडे वळून हेच केलं. ब्रेकडाउन मात्र रिफचा गळाच धरतो. आमच्या बँडनं दोन वर्षं खटपट केली, दरवेळी ब्रेकडाउन आला की आधी जमवलेलं सगळं वातावरण गुल, आणि शिव्या ड्रमरला.

कानठळी: वातावरण वातावरण काय लावलंय, जमलं नाही तर तुमचं जमलं नाही, प्रकाराचा काय दोष? नेल्स या हार्डकोर बँडचा 'अनसायलेंट डेथ' अल्बम ऐका, २०१०, जेमतेम चौदा मिनिटं. स्टॉकहोमच्या डेथ मेटलचा तो करवतीसारखा गिटार टोन (बॉसचा एचएम-२ पेडल, सगळ्या नॉब फुल्ल) हार्डकोरवाल्यांनी उचलला आणि काय पेटवलाय! आणि सिंथचं म्हणाल तर आपल्या मुंबईचं डेमॉनिक रेझरेक्शन २००० पासून ब्लॅक-डेथमध्ये कीबोर्ड घालतंय, त्यांच्यापुढं माना हलवल्यात ना? मग न्यू जर्सीच्या पोरांनी घातला तर लगेच पीठ?

मिरजेचा गुरगुऱ्या: डेमॉनिकचं बोललीस ते लागलं, खोटं कशाला बोलू, सिंथचा मुद्दा मागं घेतो. पण नेल्समध्ये ब्लॅक कुठाय? ते डेथ आणि हार्डकोर, ती जोडी जमतेच, दोन्ही अंगावर येणारी. ब्लॅक मेटल अंगावर येत नाही, लांबून बघत बसतं. म्हणून ते पिटमध्ये ओढलं की विचित्र वाटतं.

रद्दीतली कॅसेट: ब्लास्फेमी लांबून बघतं?? परत ऐक.

कानठळी: आणि लोर्ना शोरचं २०२२ चं 'पेन रिमेन्स' पण ऐक, त्याच नावाच्या शेवटच्या गाण्याचे तिन्ही भाग सलग, मध्ये फोन बघायचा नाही.

मिरजेचा गुरगुऱ्या: लावलं. पहिला भाग चाललाय. अजून तरी डेथकोरच आहे हे, पण बंद करवत नाहीये.

दोन पेडल: ब्रेकडाउनच्या आधी रिफ कशी सोडलीय तेवढं नीट ऐकून सांग रे, रविवारी प्रॅक्टिस आहे.